नारिंगी येईपर्यंत

आमच्या टॅबलेटवरच्या ॲपच्या दुकानात पहिल्या दिवशी चार हजार सातशे ॲप होती, आणि त्यातली एकशे बारा विजेरीची होती. आमच्या टॅबलेटला पाठीमागे दिवाच नव्हता. ती ॲप पडदा पांढराशुभ्र करून दाखवायची, बाकी काही नाही. आकडा फुगवायचा म्हणून आमच्या औलू शहरातल्या कॉलेजची मुलं आम्ही दोन दिवस कॉफी आणि पिझ्झावर बसवली होती, आणि त्यांनी येत होतं ते केलं. त्या एकशे बारांना मंजुरी देणारी मीच.

मी हेल्का मुस्तोनेन, तेव्हा त्रेपन्न वर्षांची. जुन्या मोठ्या फोन कंपनीत बावीस वर्षं काढली. ती बसली तेव्हा आमच्यातले साठ जण केयोच्या मागोमाग बाहेर पडले. केयो आमचा जुना साहेब. यंत्रही आपलं आणि त्याच्या आतली सगळी व्यवस्थाही आपलीच, कुणाची उसनी नाही, असा टॅबलेट करायचं त्याच्या डोक्यात होतं. तो आम्ही अडीच वर्षांत केला. नाव ठेवलं रुस्को. रुस्को देखणा होता, मऊ चालायचा, बटण एकही नाही, अंगठ्यानं लोटलं की पान सरकायचं. हातात घेतल्यावर लोक ‘वा’ म्हणायचे, आणि आमच्या उत्तरेकडच्या माणसाच्या तोंडून ‘वा’ काढणं म्हणजे दगडातून पाणी काढणं.

पण ‘वा’ म्हणून झालं की प्रत्येकजण एकच विचारायचा. ह्यात नारिंगी आहे का?

नारिंगी म्हणजे ते चित्रासकट बोलायचं ॲप. खरं नाव वेगळं होतं, चौकोन नारिंगी म्हणून आम्ही तेच म्हणायचो. अख्ख्या जगाच्या लेकीसुना, नातवंडं त्यात बसलेली. इथंच आमचं घोडं पेंड खात होतं. नारिंगीवाले म्हणायचे, आधी एक लाख लोक आणा, मग तुमच्यासाठी बनवू. लोक म्हणायचे, आधी नारिंगी आणा, मग घेऊ. आधी कोंबडी की आधी अंडं हे जगाला पडलेलं कोडं असेल. आमच्याकडे दोन्ही नव्हतं, नुसतं रंगवलेलं खुराडं होतं. माझ्या हुद्द्याचं नाव लांबलचक होतं, पण काम भीक मागायचं: कंपन्यांच्या दारी जाऊन, तुमचं ॲप आमच्यात घाला हो, म्हणायचं. आणि त्यातलं पहिलं नाव नारिंगी.

केयोचा एक नियम होता. घरीही रुस्कोच. आपण, आपला नवरा, बायको, आईबाप, सगळ्यांनी दुसऱ्याचं यंत्र बाजूला ठेवायचं आणि आपलंच वापरायचं. आचारी शेजारच्या खानावळीत जेवायला लागला तर गिऱ्हाइकानं काय समजायचं, असं तो म्हणायचा. आम्हाला तो नियम जाचक वाटला नाही. उलट त्याचा अभिमान वाटायचा. त्या अभिमानापायीच मी पुढचं सगळं केलं.

माझी आई, तैमी, जन्मापासून बहिरी. ती कायानीला एकटी राहते, औलूपासून दोन तास. चाळीसच्या दशकात ती औलूच्या बहिऱ्यांच्या शाळेत होती. तेव्हा शाळेत हातांनी बोलायला बंदी होती, ओठ बघून शिका आणि तोंडानं बोला असा हुकूम. मुली वर्गात हात मांडीखाली दाबून बसायच्या आणि झोपायच्या खोलीत मोकळे सोडायच्या. आईच्या शेजारच्या खाटेवर एल्मा नावाची मुलगी होती. त्या दोघींनी त्या खोलीत आपल्या खुणा आपणच घडवल्या. खुणांची भाषा माझी मातृभाषा आहे, मी बोलायच्या आधी हातांनी बोलले, तरी त्या दोघी बोलायला लागल्या की मला निम्मंच कळायचं. आता त्या खुणा जाणणारी जगात दोनच माणसं उरली होती.

एल्मा सहासष्ट साली स्वीडनला सूतगिरणीत गेली, तिथंच लग्न केलं, तिथंच राहिली. आईचं लिहिणं म्हणजे किराण्याची यादी. शाळेनं हात बांधले आणि लिहिणंही धड शिकवलं नाही. एल्मा तर लिहिलेलं फिनिश केव्हाच विसरली होती. म्हणजे पत्र नाही, फोनचा तर प्रश्नच नाही. दोन-तीन उन्हाळ्यांतून एकदा भेट. चाळीस वर्षं असं चाललं. मग नारिंगी आलं आणि मी आईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक लॅपटॉप ठेवून दिला. तेव्हापासून दर रविवारी दोन वाजता आई, आणि तिकडे एक वाजता एल्मा. बटाटे सोलता सोलता थांबून बोलायच्या, पुन्हा सोलायच्या. दोन तास, कधी तीन. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि बोटीचा प्रवास संपला, तरी तिनं कुरकुर केली नाही. रविवार होता ना.

चौदा सालच्या फेब्रुवारीत आई एकोणऐंशीची झाली, तेव्हा मी तिला रुस्को दिला. कारखान्यातून निघालेल्या पहिल्या शंभरांतला सतरावा. तिनं तो उलटसुलट करून पाहिला, काचेवरून बोट फिरवलं आणि हातांनी विचारलं, “हे तू केलंस?”

“साठ जणांनी मिळून केलंय, आई.”

“तू केलंस,” तिनं ठरवून टाकलं.

मी तिला सांगितलं की नारिंगी ईस्टरपर्यंत येईल. नारिंगीवाल्यांनी तोंडी होकार दिला होता, कागद व्हायचा होता. तोवर आम्ही आमचं स्वतःचं एक बोलायचं ॲप घातलं होतं, पण ते रुस्कोवरून रुस्कोवरच चालायचं. म्हणजे आई माझ्याशी बोलू शकत होती, आणि जगात आणखी कुणाशीही नाही. जाताना मी तिचा जुना लॅपटॉप उचलला. त्याचा पंखा इतका घरघरायचा की शेजारीण भिंत ठोकायची, आणि आईला पत्ताही नसायचा. तो मी वाटेत भंगारात टाकला. आईचं आता सगळं रुस्कोवर, असं मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात मिरवत सांगितलं आणि केयोनं माझ्या पाठीवर थाप मारली. एल्माचा मुलगा केनेट तिच्याच गावात, स्वीडनमधल्या व्हेस्तेरोसला राहतो, त्याला मी ईमेल केली की ईस्टरपर्यंत थांबा. त्यानं लिहिलं, ठीक आहे.

ईस्टर आला. होकाराचा कागद आला नाही. नारिंगीवाल्यांचा माणूस बदलला होता, आणि नवा माणूस म्हणत होता की तुमचा टॅबलेट आधी बाजारात येऊ दे, मग बघू. मेच्या पहिल्या आठवड्यात रुस्को बाजारात आला. वर्तमानपत्रांनी चांगलं लिहिलं, आणि प्रत्येकाच्या शेवटच्या ओळीत तेच लिहिलं: नारिंगी नाही.

मेमधल्या मातृदिनी, रविवारी, मी ऑफिसचा लॅपटॉप घेऊन कायानीला गेले. नियम मोडला, पण त्या एका दिवसापुरता. दोन वाजता नारिंगी उघडलं. एल्मा पडद्यावर आली ती हात हलवतच.

“मेलीस काय ग? अडीच महिने! मी केनेटला म्हटलं, तैमी गेली, मला कुणी सांगत नाहीये.”

“मी कुठली मरतेय. तुझ्या आधी तर मुळीच नाही.”

“मग होतीस कुठं?”

आईनं रुस्को उचलून कॅमेऱ्यासमोर धरला. “हे बघ. हेल्कानं केलंय. ती तुला ह्यात आणतेय.”

एल्मानं डोळे बारीक करून पाहिलं. “तुझी हेल्का? दूध आणायला पाठवली की रिकामी किटली घेऊन परत यायची ती?” मग माझ्याकडे बोट केलं. “पोरी, लवकर आण. माझं बोलायचं साठून पोट फुगलंय.”

त्या दिवशी त्या चार तास बोलल्या. मी कॉफी करत राहिले आणि वेलदोड्याचा पाव कापत राहिले. आईचे हात मी इतके भरभर चाललेले कधी पाहिले नव्हते. एक गोष्ट अर्धी टाकून दुसरी, मग तिसरी, मग हसण्यात पहिली विसरायची. निघताना मी आईला म्हणाले की नारिंगी येईपर्यंत मी दर रविवारी लॅपटॉप घेऊन येईन. मी पुढच्या रविवारी गेले नाही. त्याच्या पुढच्याही नाही. कामं होती. खरोखर होती, पण ते काही उत्तर नव्हे.

जूनमध्ये नारिंगीवाल्यांशी ठरवाठरवीचा फोन होता. तिकडे पाचजण, इकडे मी आणि केयो. ते आकडा विचारणार हे ठाऊक होतं. केयोनं आधीच सांगून ठेवलं होतं की दुकानांना आपण चाळीस हजार पाठवलेत, तोच आकडा सांगायचा. त्यात खोटं काही नव्हतं. सगळ्या कंपन्या तोच सांगतात.

तिकडल्या बाईनं विचारलं, “आज किती माणसांच्या हातात तुमचं यंत्र आहे?”

मी सांगितलं, “अकरा हजार चारशे.”

का सांगितलं ह्याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. मी सहा वर्षांची असल्यापासून आईबरोबर डॉक्टरकडे, कचेरीत, बँकेत जायची. समोरचा बोलेल ते मी हातांनी सांगायचं, आई सांगेल ते तोंडानं. एकदा डॉक्टरांचं एक कडू वाक्य मी गोड करून सांगितलं. आईला ते नंतर कळलं. ती माझ्यावर रागावली नाही, समोर बसवून तिनं एवढंच सांगितलं की तू काही बदलायचं नाहीस, माझं मी बघेन. तेव्हापासून कुणी सरळ विचारलं की माझ्या तोंडून विचारलेल्याचंच उत्तर निघतं. बहिऱ्या आईबापांची मुलं बहुतेक अशीच होतात. धंद्याला आम्ही कुचकामाची.

मग त्या बाईनं आभार मानले आणि एक लाखाची आठवण करून दिली. फोन ठेवल्यावर केयोनं दोघांना कॉफी ओतली.

“तिनं नक्की काय विचारलं होतं?” तो म्हणाला.

“माणसांच्या हातात किती.”

“मग बरोबरच सांगितलंस,” तो म्हणाला, आणि पुढचे तीन दिवस माझ्याशी बोलला नाही.

त्यानंतर केयोनं दुसरा रस्ता धरला. दुसऱ्यांच्या टॅबलेटसाठी बनवलेली ॲप जशीच्या तशी रुस्कोच्या पोटात चालवायची, म्हणजे कुणाची मनधरणी नको. दहा जण त्याला लागले. दर आठवड्याला मी आईला रुस्कोवरून बोलायची आणि ती विचारायची, कधी? मी म्हणायची, दोन आठवडे. त्या उन्हाळ्यात मी किती वेळा ‘दोन आठवडे’ म्हणाले हे मला आठवत नाही. आईनं एकदाही उलटून विचारलं नाही. आमच्याकडे आया तशा नसतात. जे मिळालं ते पुरे म्हणायचं आणि पुढं जायचं, ह्यालाच आमच्याकडे चांगली वागणूक म्हणतात.

ऑगस्टच्या शेवटी एके दुपारी पोटातल्या वाटेनं नारिंगी चाललं. कुणीतरी धावत जाऊन केक आणला. सगळे टेबलाभोवती जमले. केयोनं रुस्को हातात धरून आपल्या बायकोला फोन लावला, आणि तिचा आवाज खोलीभर ऐकू आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका मुलीनं मला मिठी मारली, कारण नारिंगीमागे मी किती धावले हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पडद्यावर केयोची बायको नव्हती. तिच्या जागी काळा चौकोन होता.

“चित्र कुठंय?” मी विचारलं.

“कॅमेरा अजून त्याला सापडत नाही,” केयो म्हणाला. “पण आवाज बघ ना किती स्वच्छ. चित्राला दोन आठवडे.”

मी केकचा तुकडा घेतला आणि खिडकीपाशी जाऊन खाल्ला. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कुणाची काही चूक नव्हती. आवाज आला म्हणजे बोलणं झालं, असंच सगळ्या जगाला वाटतं. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात आलं की रुस्कोवर आता नारिंगी चालतं. आईनं बहिऱ्यांच्या क्लबातल्या कुणाकडून तरी ते वाचून घेतलं आणि संध्याकाळी मला विचारलं, “आलं?” मी सांगितलं की आवाज आलाय. ती पडद्यात माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसली. मला वाटलं होतं, रडेल.

दोन आठवडे झाले, चार झाले. सप्टेंबरात माझ्यानं राहवेना. मी दुकानात जाऊन दुसऱ्या कंपनीचा एक साधा टॅबलेट घेतला, त्यात नारिंगी घातलं आणि कायानीला गेले. आईनं खोकं उघडलं, यंत्र पाहिलं, मागे कुणाचं नाव आहे ते पाहिलं आणि पुन्हा खोक्यात ठेवलं.

“हे तुझं नाही.”

“नाही. पण ह्यात एल्मा आहे.”

“नको.”

“आई, थोडे दिवस. आमचं झालं की हे फेकून दे.”

“क्लबात मी सगळ्यांना सांगितलंय, माझ्या मुलीनं केलंय म्हणून. दोघांनी माझं बघून तेच घेतलं. आता मी हे घेऊन बसू? लोक हसतील.”

“हसू देत.”

“मला नाही हसणार, तुला हसतील. बहिरीची मुलगी बघा, आईसुद्धा तिचं वापरत नाही.” तिनं खोकं माझ्याकडे सरकवलं. “एल्मा थांबेल. शाळेत उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तीन महिने थांबायचो. सुट्टी संपली की सगळं एकदम सांगायचो.”

मी आग्रह केला नाही. खोकं उचललं, गाडीत ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी दुकानात परत दिलं. मला बरं वाटलं होतं. हे लिहायला लाज वाटते, पण आईनं माझं यंत्र सोडलं नाही म्हणून औलूपर्यंत दोन तास मी खुशीत गाडी चालवली.

ऑक्टोबरच्या मध्यावर केनेटची ईमेल आली. एल्माच्या डोक्यात रक्ताची गाठ झाली होती. जीव वाचला होता, पण उजवी बाजू गेली होती. डॉक्टर म्हणत होते की भाषेवरही परिणाम झालाय, केनेटला त्याचा नीट अर्थ लागत नव्हता. त्यानं लिहिलं होतं, आई तशीही तोंडानं बोलायची नाही, तेव्हा हे कसं ओळखायचं? मला मात्र वाचताक्षणी कळलं. ऐकणाऱ्याचे शब्द मेंदूत जिथं राहतात तिथंच बहिऱ्याच्या खुणाही राहतात.

मी त्याच दुपारी कायानीला गेले. आईला सांगितलं, जसं लिहिलं होतं तसं. तिनं एकच प्रश्न विचारला.

“कुठला हात?”

“उजवा.”

तिनं आपला उजवा हात मांडीवर ठेवला आणि डाव्या हातानं काहीतरी बोलायला लागली. माझ्याशी नाही. दोन हातांचे शब्द एका हातात बसतात का ते बघत होती. काही बसत होते, काही बसत नव्हते. नाही बसले की ती थांबायची आणि दुसरी वाट शोधायची. कॉफी गार झाली तरी तिचं चालूच होतं. मी म्हणाले की लॅपटॉप आणते, तर तिनं सांगितलं की एल्मा अजून इस्पितळात आहे, तिथं सगळ्यांपुढं नको. ती घरी येऊ दे, आणि तोवर तुझं नारिंगीही येईल. ह्याही वेळी ती माझ्याच यंत्राची वाट बघत होती.

नोव्हेंबरच्या एका गुरुवारी केयोनं सगळ्यांना जेवणाच्या खोलीत बोलावलं. नेहमीपेक्षा चांगली कॉफी होती, त्यावरूनच आम्ही ओळखलं. एकोणीस हजार विकले गेले होते. कॅमेरा सापडला नव्हता. नव्या वर्षापासून रुस्को बंद.

“चांगलं यंत्र होतं,” केयो म्हणाला.

कुणीतरी म्हणालं, होतं. मग आम्ही कपबश्या धुवून ठेवल्या आणि आपापलं सामान खोक्यांत भरलं. केयोनं मला दारात गाठून सांगितलं की जूनमधल्या त्या फोनचा राग त्याच्या मनात नाही. तू चाळीस सांगितले असतेस तरी त्यांनी एक लाखच मागितले असते, असं म्हणाला. त्याचं खरंही असेल. पण मी अजून कधी कधी तो फोन मनात पुन्हा करते आणि चाळीस सांगून बघते.

तिथून मी सरळ दुकानात गेले आणि सप्टेंबरात परत केला होता तसलाच टॅबलेट पुन्हा घेतला. आईनं ह्या वेळी काही म्हटलं नाही. तिनं रुस्को पुसला, कपाटात धुतलेल्या चादरींमध्ये ठेवला आणि कपाट लावलं. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही, मला वाईट वाटू नये म्हणून.

एल्मा डिसेंबरच्या सुरुवातीला घरी आली. केनेटनं पहिला रविवार ठरवला, दोन वाजता. आईनं सकाळी केस धुतले. बटाटे टेबलावर काढून ठेवले, पण सोलायला घेतले नाहीत. मी तिच्या मागे, पडद्यात दिसेन अशी उभी राहिले.

केनेट दिसला, मग त्यानं टॅबलेट वळवला आणि एल्मा दिसली. खुर्चीत उशांना टेकून बसलेली. चेहरा एका बाजूनं ओघळलेला. उजवा हात मांडीवर कुणी आणून ठेवल्यासारखा पडलेला. आईनं हात वर केला. एल्मानं ओळखलं. ते नक्की, कारण तिचे डोळे भरून आले, आणि मग डावा हात उठला आणि बोलायला लागला.

तो हात थांबत नव्हता. सात महिन्यांचं साठलेलं सगळं बाहेर पडत होतं. पण त्यात शब्द नव्हते. कुठं एखादी खूण अर्धी यायची आणि भलतीकडेच वळायची. मधेच ‘पाणी’ आलं, मग ‘पाणी’ पुन्हा आलं, पण तिला पाणी म्हणायचं नव्हतं, ते तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. ती काहीतरी सांगत होती, हसत होती, एका जागी रागावली, कशाबद्दल तरी विचारलं आणि उत्तराची वाट बघत थांबली.

आई मान हलवत होती. “हो,” ती म्हणत होती. “हो, हो. खरंय.” एल्मा हसली की आई हसत होती. तिनं विचारलं की आई थोडा विचार केल्यासारखं करून पुन्हा हो म्हणत होती. एकदा आईनं डाव्या हातानं काही सांगितलं, जे ती तितके आठवडे बसवत होती. एल्मानं पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. आईनं पुन्हा सांगितलं, सावकाश. मग सोडून दिलं आणि हसली.

अर्ध्या तासानं एल्मा दमली. केनेटनं टॅबलेट आपल्याकडे वळवला. त्याचे डोळे लाल होते आणि तो आनंदात होता. तो स्वीडिशमध्ये मला म्हणाला, “घरी आल्यापासून ती कुणाशीच काही बोलली नव्हती. तैमीमावशीला सगळं कळतंय बघ. फक्त तिलाच कळतं.” मी ते आईला हातांनी सांगितलं, जसंच्या तसं. आईनं त्यालाही मान हलवली.

पडदा काळा झाल्यावर तिनं एक बटाटा हातात घेतला, सुरी घेतली आणि दोन्ही खाली ठेवलं.

“तुला कळलं?” तिनं विचारलं.

“थोडं.”

“मला काहीच कळलं नाही.”

मी तिच्यासमोर बसले. ती माझ्याकडे बघत नव्हती, पण हात माझ्याकडे होते.

“शाळेत बाई बोलायच्या, काही कळायचं नाही, आम्ही मान हलवायचो. दुकानात, कचेरीत, तुझ्या बापाच्या माणसांत, सगळीकडे आयुष्यभर तेच. मान हलवली की समोरचा खूश होतो आणि जाऊ देतो. बहिऱ्यांना ते शिकवावं लागत नाही.” ती जरा थांबली. “एल्माशी मी तसं कधी केलं नव्हतं. ती एकच अशी होती, जिच्यापुढं मला कधी करावं लागलं नाही. आज मी एल्माला मान हलवली.”

मी काही बोलायला हात उचलले, पण तिचं संपलं नव्हतं.

“मेमध्ये तिला सगळं बोलता येत होतं.”

तिनं ते रागानं म्हटलं नाही. शेजारणीला हवेबद्दल सांगावं तसं म्हटलं. त्या वर्षात तिनं माझ्याबद्दल जी काही तक्रार केली ती एवढीच. मी रडायला लागले. मी तिला सांगितलं की चूक माझी होती, मी तो लॅपटॉप फेकायला नको होता, मी दर रविवारी यायला हवं होतं, सप्टेंबरात खोकं तुझ्या टेबलावर ठेवूनच जायला हवं होतं, मला माझ्या यंत्राची पडली होती, तुझी नाही. खुणा एकमेकांत अडकत होत्या, पण मी सगळं सांगितलं.

आईनं माझे हात शेवटपर्यंत बघितले. मग ती हसली.

“हो,” ती म्हणाली, आणि मान हलवली. “हो, हो.”